भागिले किती?

बेसबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण त्या लोकांची आकडेमोड भारी असते. १९३० साली बिल टेरी नावाच्या गड्याची बॅटिंग सरासरी होती .४०१. १९६८ साली कार्ल यास्त्रेम्स्की अमेरिकन लीगमध्ये पहिला आला, तो फक्त .३०१ वर. नुसतं बघितलं तर टेरीपुढे कार्लभाऊ किरकोळ. पण १९३० मध्ये टेरीच्या अख्ख्या नॅशनल लीगचीच सरासरी .३०३ होती, आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगची .२३०. आता भागाकार करा. एक १.३२, दुसरा १.३१. तिकडे लीगची सरासरी १०० धरून प्रत्येकाला आकडा द्यायची पद्धतच आहे.

आपल्याकडे मात्र "पन्नासचं ॲव्हरेज आहे राव, तरी घेत नाहीत!" एवढ्यावर ऑफिसात चहाचे दोन राऊंड होतात. भागिले किती, हे कोणी विचारत नाही.

मी गंगापूरचा. अंकित बावणे आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणचा, त्यामुळे माझा काटा आधीच झुकलेला आहे हे मान्य. ऑक्टोबर २०१६, वानखेडेवर महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. ४१ वर २ गेलेले. मग स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. ५९४ ची अखंड भागीदारी! तोवर प्रथम श्रेणीत याहून मोठी एकच होती, संगकारा-जयवर्धनेची ६२४, २००६ मधली.

आता तेच स्कोअरकार्ड थंड डोक्याने बघा. महाराष्ट्र २ बाद ६३५ वर डाव घोषित. दिल्ली सर्वबाद ५९०, त्यात ऋषभ पंतच्या ३०८. म्हणजे १२ विकेटमध्ये १२२५ धावा, विकेटमागे १०२! बॉलर लोकांनी गेल्या जन्मी काय पाप केलं होतं कोण जाणे. गुगळे-बावणेच्या ६०९ बाजूला काढल्या, तरी उरलेल्यांच्या (एक्स्ट्रा धरून) विकेटमागे ५१ पडतात. त्या चार दिवसांत पन्नासचं ॲव्हरेज म्हणजे चारचौघांसारखं. २५८ तिथेही मोठेच, पण हिरव्या पिचवरच्या ८० पेक्षा मोठे का, हे भागाकाराशिवाय सांगता येणार नाही.

आणि भाजक योग्य हवा, नाहीतर गणित चुकतंच. अमोल मुजुमदारचं नेहमीचं उदाहरण घ्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, सरासरी ४८.१३, कसोटी शून्य. गांगुलीची प्रथम श्रेणी सरासरी ४४ च्या आसपास. झाला की नाही अन्याय? पण गांगुलीच्या त्या आकड्यात ११३ कसोटी आहेत, मॅकग्रा-मुरलीधरनसकट. एकाचा भाजक रणजी, दुसऱ्याचा अर्धाअधिक जग. मुजुमदारवर अन्याय झाला असं मलाही वाटतं, फक्त त्याचा पुरावा हा नव्हे.

हे सगळं उकरायचं कारण घरातलंच. मामेभाऊ बारावीत आहे. तालुक्याच्या स्पर्धांत त्याचं ॲव्हरेज साठच्या घरात. मामांचं म्हणणं, एक वर्ष ड्रॉप घेऊ आणि पुण्याला ॲकॅडमीत टाकू. तू पुण्यात आहेस, आकड्यांतलं तुला कळतं, तूच सांग. फी माझ्या दोन पगारांएवढी. मामी गप्प आहेत, म्हणजे त्यांचं मत काय ते समजलं.

मी हो-नाही काही म्हटलं नाही. पुण्या-मुंबईची पोरं टर्फवर खेळतात; आमच्याकडे मॅटिंग, आणि एका बाजूला कंपाउंडची भिंत एवढी जवळ की मीसुद्धा सिक्स मारलाय. तिथे साठ म्हणजे किती, हे मला खरंच काढायचंय. म्हणून मामांना सांगितलं, गेल्या दोन वर्षांच्या स्कोअरबुकांचे फोटो पाठवा. दोन्ही टीमचे, सगळ्या पोरांचे.

मामांचा रिप्लाय आला: "बाकीच्यांचे कशाला? आपल्याला काय त्यांना पुण्याला पाठवायचंय?"