फर्निचर टीव्हीसाठी नको, घरासाठी करा



हॉलचं फर्निचर करायचं ठरलं की सुतारमिस्त्रींचा पहिला प्रश्न असतो, "ताई, टीव्ही किती इंची?" उत्तर जरूर द्या, पण त्या आकड्यावर अख्खी भिंत बेतू देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण टीव्हीचा आकार टिकत नाही, फर्निचर टिकतं. २१ इंची टीव्हीच्या मागे मोठी काचेची नळी असायची. त्यामुळे शोकेसच्या मधल्या खणाला दीड-पावणेदोन फूट खोली द्यावी लागे. रुंदी अडीच फूट असली तरी पुरे. पुढे टीव्ही चपटा झाला आणि पसरला. पडद्याचं ४:३ हे प्रमाण जाऊन १६:९ आलं. दुकानदार सांगतो ते इंच तिरके मोजलेले असतात. आडवा मोजला तर ४३ इंची टीव्ही तीन फुटांहून जास्त आणि ५५ इंची चार फुटांहून जास्त भरतो. तो अडीच फुटांच्या खणात बसणार कसा? खणाच्या उभ्या फळ्याही कापता येत नाहीत, कारण वरच्या कप्प्यांचा भार त्यांच्यावरच असतो.

मग सागवानाची धडधाकट शोकेस मोडीत जाते. तिच्यासाठी एक झाड पडलेलं असतं, कुणीतरी पै-पै साठवलेली असते. खरं तर तो खोल खण पांघरुणं, गोधड्या ठेवायला उत्तम. दार लावून घेतलं की झालं. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर जाऊ द्या.

आता नवी हौस आली आहे. भिंतभर पॅनेल, मधोमध ५५ इंचांच्या मापाची चौकट आणि भोवती दिव्यांची पट्टी. उद्या ६५ इंची टीव्ही आणला तर त्याला पावणेपाच फूट लागतील आणि ही चौकटही मोडावी लागेल. पेटी गेली, चौकट आली, चूक तीच राहिली.

म्हणून मिस्त्रींना सांगा, पॅनेल सपाट ठेवा, चौकट नको. खालचं बुटकं कपाट भिंतीच्या लांबीप्रमाणे करा, टीव्हीच्या नव्हे. सेटटॉप बॉक्सच्या खणाची मागची बाजू उघडी ठेवा, म्हणजे हवा खेळेल. भिंतीत वायरींसाठी दोन इंची पाईप आधीच टाकून घ्या आणि प्लगपर्यंत हात पोचेल असं बघा. टीव्हीचा स्टँड नुसत्या पातळ पॅनेलवर नको, त्याचे स्क्रू भिंतीत घट्ट बसले पाहिजेत. उंची ठरवताना सोफ्यावर बसून बघा. पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांसमोर आला की मान दुखत नाही.

"मोकळी भिंत ओकीबोकी दिसते" असं काहीजणी म्हणतील. थोडी दिसेलही. पण टीव्ही बदलताना चार स्क्रू काढायचे की सुताराला पुन्हा आठ दिवस घरात बसवायचं, याचा हिशोब घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको.

यात मिस्त्रींचं नुकसान नाही. उलट मुलांची पुस्तकं, सासूबाईंची औषधं, पाहुण्यांच्या गाद्या यांची मापं घेऊन काम करायचं तर त्यांच्या हातातलं कसब जास्तच लागतं. तयार फर्निचर विकणारा दुकानदार ही मापं घ्यायला घरी येत नाही. मापाचं फर्निचर करून घ्यायचंच तर माप घरच्या माणसांचं घ्या.