आसूड कोणाच्या हाती?

शेतकऱ्याच्या पत्रात व्यंगचित्रावर अग्रलेख कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. बी-बियाणे, कर्ज, शाळा, पाणी हे विषय संपले काय? संपले नाहीत. परंतु लेख वाचण्यास अक्षरओळख लागते, चित्रास ती लागत नाही. जिने उभ्या जन्मात पाटीला हात लावला नाही अशी आजीही चित्र पाहून सांगते, की हा अमका आणि त्याची ही फजिती चालली आहे. एवढी ताकद ज्या कलेत आहे तिला पोरखेळ समजून बाजूला सारणे बहुजनसमाजास परवडणारे नाही. चार गावे ज्याच्यावर हसली त्याला मान वर करण्यास किती वर्षे लागतात, हे आमच्या लोकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आणि ही कला आम्हांस परकी आहे, असे तरी कोण म्हणतो? शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर येणारा संकासुर पाहा. काळा वेष, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरू. नाचता नाचता तो वाटेल त्याची थट्टा करतो आणि ज्याची थट्टा होते त्यालाही लोकलाजेस्तव हसावे लागते. हे चालतेबोलते व्यंगचित्रच नव्हे काय? पिंगुळीच्या ठाकर मंडळींचे चित्रकथी तर याच्याही पुढे गेले. एकामागून एक चित्र उचलायचे, वीणेच्या साथीवर कथा सांगायची, चित्र संपले की पुढचे काढायचे. अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत चौकटी-चौकटींची चित्रमाला येऊ लागली त्याच्या कितीतरी आधीपासून कुडाळ तालुक्यातील हे लोक चित्रांची माळ ओवून गोष्ट सांगत आले आहेत. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघेपर्यंत पिंगुळी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हांस घरचाच सत्कार झाल्यासारखे वाटले.

मग ही कला आमच्या हातून निसटली कोठे? ती छापखान्याच्या दारात निसटली. पूर्वी चित्र छापायचे तर त्याचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो घ्या, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवा, पत्रा तेजाबात खोदा, लाकडाच्या ठोकळ्यावर बसवा. आणि एवढे करून चित्र एकदा छापले की त्याचा उपयोग संपला. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ काढला आणि पुढे नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून तो वर्षानुवर्षे चालविला. वर्गणीदार शेतकरी, त्यातही निम्म्यांची वर्गणी थकलेली, अशा पत्रांनी कागद आणावा की दर आठवड्यास ब्लॉक करावा? लेखणी आम्ही कशीबशी मिळविली. कुंचला शहरात, पैसेवाल्या पत्रांच्या कचेरीत राहिला. शहरातल्या चित्रकाराने आपल्या वाचकाला हसू येईल ते काढले. त्यात त्या प्रत्येकाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु हसणारा कोण आणि ज्याच्यावर हसायचे तो कोण, हे त्या कचेरीतच ठरत गेले.

याचा सर्वांत बोलका दाखला आमच्या जिल्ह्याच्या सुपुत्राचाच आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. येथल्या कुळांना त्यांचे नाव सांगावे लागत नाही. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचे बिल त्यांनी आणले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिलवर गेला, त्यात कोकणची कुळे होती आणि त्यांच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

त्याच १९४९ सालच्या २८ ऑगस्टला, दिल्लीच्या ‘शंकर्स वीकली’त एक चित्र आले. काढणारे स्वतः शंकर, म्हणजे केशव शंकर पिल्लै, देशातले नामांकित व्यंगचित्रकार. राज्यघटना ही गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारून उभे पंडित नेहरू, आणि भोवती बघ्यांची गर्दी. अर्थ इतकाच, की घटना गोगलगाईच्या चालीने चालली आहे.

पुष्कळ वर्षांनी, २००६ साली, हे चित्र दिल्लीच्या एनसीईआरटीने अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. एका बाजूने विद्वान सांगू लागले, की नेहरूंचा चाबूक गोगलगाईसाठी आहे, बाबासाहेबांसाठी नव्हे. तुम्हांस चित्र वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूने दलित कार्यकर्ते म्हणाले, आम्हांस दिसते ते आम्ही सांगतो. वर एक चाबूक आहे आणि खाली आमच्या माणसाची पाठ आहे.

आम्ही या दुसऱ्या म्हणण्याला अडाणीपणा म्हणावयास तयार नाही. चित्र डोळ्यांनी पाहिले जाते हे खरे, पण ज्याच्या आज्याने खोताच्या वेठीस राबून दिवस काढले, त्याचे डोळे त्याच्या पाठीशी जोडलेले असतात. चाबूक कोणावर उगारला आहे हे त्याला भूमितीने ठरविता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुस्तक लिहिले, त्याला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव उगीच दिले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जो आसूड पाठीवर बसला तो शेतकऱ्याच्या हाती देणे, हा त्या नावाचा रोख होता. असे नाव ज्यांच्या घरात आहे त्यांना चाबकाचे चित्र नुसते गमतीचे कसे वाटावे?

तथापि, आमचा मुख्य आक्षेप चाबकावर नाही. आमचा आक्षेप असा, की ते चित्र खोटे होते. थट्टा वाटेल तितकी करावी, पण तिच्या बुडाशी खरेपणा असावा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे सगळा हिशेब मांडला. समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, त्याला २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस झाले होते. मसुद्याच्या चर्चेस लागले ११४ दिवस. दुरुस्त्या सुचविल्या गेल्या ७,६३५, त्यांतल्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. अमेरिकेने घटना चार महिन्यांत केली खरी, पण तिची कलमे सात. ऑस्ट्रेलियाला १२८ कलमांसाठी नऊ वर्षे लागली. आपली कलमे ३९५. आता सांगा, गोगलगाय कोणती? शिवाय मसुदा समितीचे सात सभासद; त्यांतला एक राजीनामा देऊन गेला, एक वारला, एक अमेरिकेत, कोणी संस्थानच्या कामात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. हे बाबासाहेबांच्या गोटातले कोणी नव्हे, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९४८ च्या नोव्हेंबरात भर सभेत सांगितले. सात बैलांच्या नांगराला एकटा बैल जुंपला गेला आणि बांधावरचे लोक म्हणतात, काय हळू चालतो हो!

बाबासाहेब थट्टेला भ्यायले असेही नाही. एका सभासदाने मसुदा समितीला वाहवत जाणारी समिती म्हटले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, त्याचा भावार्थ असा की आम्ही नशिबावर हवाला ठेवून गळ टाकून बसलो नव्हतो. ओळखीच्या पाण्यात आम्हांस हवा तोच मासा शोधत होतो. आमच्या खारवी आणि गाबीत बंधूंना या उत्तराची चव निराळी सांगायला नको.

एकच चित्र असते तर आम्ही एवढी शाई खर्चली नसती. उन्नमती श्यामसुंदर या व्यंगचित्रकाराने १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरची शंभरावर चित्रे इंग्रजी पत्रांतून शोधून काढली व २०१९ साली ग्रंथरूपाने छापली. ती पाहिली म्हणजे खोड ध्यानात येते. जो पुरुष विद्वत्तेत आणि पदाने कोणाहून उणा नव्हता त्याला कोठे बुटका पोर केला आहे, कोठे बाईचा वेष दिला आहे. इतर पुढाऱ्यांचीही थट्टा होई, नाही असे नाही. परंतु एखाद्याला मोठा काढून चिमटा घेणे निराळे आणि लहान काढून हसणे निराळे.

येथपर्यंत आम्ही आपल्या लोकांची बाजू मांडली. आता आपल्याच लोकांना चार शब्द ऐकविणे प्राप्त आहे. मे २०१२ मध्ये त्या पुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कचेरीची काही तरुणांनी मोडतोड केली. काय मिळविले? दुसऱ्या दिवशी पत्रांत गोगलगाईची चर्चा नव्हती, मोडलेल्या सामानाची होती. आणि याहून मोठा तोटा निराळाच झाला. आमचे दुःख पुढे करून संसदेतील सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी आपापली चित्रेही पुस्तकांतून काढा म्हणून ओरड केली! मग समिती बसली, आणि नेत्यांची, अधिकाऱ्यांची टर उडविणारी आणखी अनेक चित्रे गाळावी अशी शिफारस झाली. आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते. पाठ आमची सोलली आणि मलम त्यांनी लावून घेतले. ज्या चित्रांनी सत्ताधाऱ्याला विचारायला आमच्या पोराला शिकविले असते, तीही गेली.

त्याच साली सप्टेंबरात असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकारास मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. २०१५ साली मुंबई हायकोर्टाने म्हटले, की त्याच्या चित्रांत विनोद किंवा उपहास आढळत नाही, पण तेवढ्यावरून त्याचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. हिंसेला चिथावणी असेल तरच गुन्हा. आम्हांस हा निवाडा मान्य आहे. उद्या आमच्या गावच्या पोराने सत्ताधाऱ्यावर वाईट चित्र काढले तर त्यालाही हीच ढाल लागणार आहे. चित्र आवडले नाही म्हणून दगड उचलणाऱ्याने आपली ढाल आपणच फोडली असे समजावे.

कुंचला आपल्या हाती आला की सारे भागले, असेही नाही. प्रबोधनकार ठाकरे ही ब्राह्मणेतर चळवळीची धारदार लेखणी. त्यांच्याच घरात बाळ ठाकरे हा अस्सल व्यंगचित्रकार निपजला आणि ऑगस्ट १९६० मध्ये ‘मार्मिक’ निघाले. मराठी माणसाने ते डोक्यावर घेतले, आमच्या कोकणच्या चाकरमान्यांनी तर विशेष. रेषेचा जोर असा, की तिच्यातून एक पक्ष उभा राहिला. पण त्या रेषेचा फटका कोणावर बसला? बड्या गिरणीवाल्यांवर बसला त्याहून अधिक पोटासाठी आलेल्या मद्रासी कारकुनावर आणि उडपी हॉटेलवाल्यावर बसला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच परंपरेतल्या ‘सामना’ने मराठा समाजाच्या मूक मोर्चावर ‘मुका’ अशी कोटी करणारे चित्र छापले. आयाबहिणी लाखोंनी मुकाट्याने चालत होत्या आणि चित्रकाराला शब्दांचा चाळा सुचला! कचेऱ्यांवर दगड पडले, पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. दगड आम्हांस तेव्हाही पसंत नव्हते. पण घर आपले असो की परक्याचे, मोर्चात चाललेल्या बाईवर हसणारी रेष आणि मोर्चा ज्याच्या दारावर गेला त्याच्यावर हसणारी रेष, या दोहोंची किंमत एक नाही.

आता ब्लॉकाची सबब उरलेली नाही. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याच्या खिशात छापखाना आहे. चित्र काढले की क्षणात मुंबईच्या चाळीत आणि दुबईच्या खोलीत पोहोचते. मग आमच्या घरांतले चित्रकार कोठे आहेत? ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला आणि तो गोड पोर साऱ्या महाराष्ट्राचा झाला, आम्हीही आवडीने पाहिला. पण तो पडला शहरी घरातला. ज्याचा बाप मुंबईस, आई काजूच्या कारखान्यात आणि ज्याला आजी सांभाळते तो आमचा बंड्या अजून चौकटीत यायचा आहे. आंब्याच्या पेटीवर दलालाने बसविलेला भाव, बुडणाऱ्या होडीच्या कर्जाचा हप्ता, कुळाच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात झिजलेल्या वहाणा, रिफायनरी येणार म्हणून रातोरात जमिनी घेणारे परगावचे शेठ, यांना कोणी रेषेत धरायचे? आणि हो, गावकीत मानपानासाठी भांडणारे आमचेच मानकरी, निवडणुकीपुरते जोतीरावांना हार घालणारे आमचेच पुढारी, तेही सुटता कामा नयेत.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे, की पुढील अंकापासून तिसऱ्या पानावर एक चौकट राखून ठेवावी. सुतार, कुंभार, लोहार, शेतकरी, मच्छीमार अशा कोणत्याही घरातल्या मुलामुलीने चित्र पाठवावे. कागद कोरा असावा, शाई काळी असावी, मागे आपले नाव व गाव लिहावे. माणसाचे डोके भोपळ्यासारखे झाले तरी हरकत नाही. तो कोणाचा भोपळा आहे हे मात्र आमच्या आजीबाईस ओळखू आले पाहिजे.