समुद्र कशाला बघायचाय?

मैत्रिणींनो, भांडायलाच बसले आहे, तेव्हा प्रस्तावना करत नाही.

आमच्या उमरग्याच्या गटात आम्ही चौदा जणी. वैशाखातली मासिक बैठक होती. हप्ते मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात ऊसतोडीहून नुकतीच परतलेली एक जण म्हणाली, "अक्का, समुद्र म्हणजे नेमकं कसं असतंय ओ? टीव्हीत तर आपल्या तळ्यावानीच दिसतंय."

समुद्र कुणी कुणी पाहिलाय, असं मी विचारलं. चौदांत दोन हात वर आले. एक माझा, तोही मुंबईला मोर्चासाठी गेले होते म्हणून. दुसरीनं नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी टॅक्सीतून पाहिला होता. "पर ध्यान कुठं होतं तवा," म्हणाली. मग आम्ही आजवर कुठं कुठं गेलो ते मोजायला लागलो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर, गुलबर्ग्याचा खाजा बंदेनवाजांचा दर्गा. सोलापूरचे दवाखाने. लग्न, बारसं, मयत. बाळंतपणाला माहेर. सगळ्यांत जास्त फिरलेली निघाली ती ऊसतोडीवालीच. बावीस हंगाम कोयता घेऊन कर्नाटकापासून कोल्हापूरपर्यंतचे फड तिनं पाहिलेत. तीच म्हणाली, "लई फिरले, पर बघायला म्हून कुठं गेले न्हाई."

त्याच बैठकीत ठरलं, रत्नागिरीला जायचं. समुद्र बघायचा. चार दिवस.

तेव्हापासून गेले तीन-चार महिने मी एकच प्रश्न ऐकते आहे. घरी, शेजारी, बसस्थानकावर, पतसंस्थेत, आणि (हे फार लागलं) आपल्याच चळवळीतल्या बायकांकडून. प्रश्न एकच, "कशाला?"

आमच्या गावातले पुरुष दर श्रावणात, दर डिसेंबरात गाड्या करून निघतात. गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात, तिरुपतीच्या नावाखाली पार रामेश्वरापर्यंत हिंडून येतात. त्यांना कुणी कशाला म्हणून विचारत नाही. विचारलंच तर "किती दिवस?" एवढंच विचारतात. बाईला मात्र निघण्याआधी कारण दाखवावं लागतं, आणि कारण दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं असावं लागतं. देवाचं चालतं, आजाऱ्याचं चालतं, लेकराचं चालतं, कारखान्याच्या मुकादमाचं तर धावतं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांचं चालत नाही.

हे फक्त खेड्यातल्या अडाणी घरांचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर माझ्या बहिणीच्या लेकीचं ऐका. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्वतःच्या पैशानं दोन मैत्रिणींबरोबर इटलीला निघाली आहे. दक्षिणेकडे अमाल्फी म्हणून किनारा आहे, १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेला. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्यावर पायऱ्यापायऱ्यांची लिंबाची शेतं. तिनं मला फोटो दाखवले. सहा महिने ती व्हिसा, तिकिटं, राहायच्या जागा यांचा हिशोब मांडते आहे, आणि तिच्या शिकल्या-सवरल्या घरातून तिला काय ऐकू येतंय? "लग्न झाल्यावर जा की नवऱ्याबरोबर, आत्ताच कशाला?" पुण्याहून इटलीला जाणारी आणि उमरग्याहून रत्नागिरीला जाणारी, दोघींच्या पायात एकच दोरी. तिची जरा रेशमी आहे, इतकंच.

आनंदीबाई जोश्यांची आठवण येते. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेला जाण्याआधी, त्यांना बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगावं लागलं होतं. वय वर्षं सतरा. लोकांच्या एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. त्यांच्याजवळ उत्तर होतं, आणि ते भक्कम होतं: बायकांना बाई डॉक्टर हवी. त्या उत्तरानं आपल्या सगळ्यांची वाट मोकळी केली, हे मान्यच. पण तेव्हापासून आपण एक सवय लावून घेतली आहे. बाई बाहेर पडेल तर थोर कारणासाठी पडेल. शिकायला, कमवायला, समाजाची सेवा करायला. थोर कारण नसेल तर तिनं घरी बसावं, असा त्याचा दुसरा अर्थ होतो हे आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या संघटनांनीही तेच केलं. आम्हा भूकंपाच्या भागातल्या बायकांना तर हे चांगलं ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडची गावं पडली, त्यानंतर कित्येक बायका पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडल्या. घरबांधणीच्या कामावर देखरेख केली, बैठकांत बोलल्या, कचेऱ्या पालथ्या घातल्या. २००१ ला कच्छात भूकंप झाला तेव्हा इकडच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण प्रशिक्षण, शिबिर, अभ्यासदौरा, मेळावा या चार शब्दांच्या बाहेर आपण कधी बाईला गाडीत बसवलं का?

म्हणून जेव्हा एका जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणीनं मला सुनावलं, की मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या विधवा कर्जात बुडाल्या आहेत आणि तुम्ही सहली कसल्या काढता, हे मध्यमवर्गीय चोचले आहेत, तेव्हा मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. बाई गं, प्रश्न विचारणारी कोयत्यावाली होती, मध्यमवर्गीय नव्हती. आमच्या चौदांत दोघी शेतकऱ्यांच्या विधवाच आहेत, आणि नाव पहिलं त्यांनी लिहिलं. गरीब बाईला फक्त पोट असतं, डोळे नसतात, हे कुणी ठरवलं? तिच्या दुःखाचे अहवाल लिहून आपण दिल्लीपर्यंत विमानानं जायचं, आणि तिनं समुद्र म्हटलं की तिला प्राधान्यक्रम शिकवायचा?

मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. बाईला काही काम नसताना शहरात नुसतं रेंगाळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला ते वाचताना वाटलं होतं, हे मुंबईचं. आता वाटतं, ते उमरग्याच्या बसस्थानकाचंही आहे. तिथं बाकावर अर्धा तास नुसती बसलेली बाई दाखवा. बसची वाट बघत नसेल तर लोक ती वेडी आहे का बघायला येतील.

आता निमित्ताची गोष्ट सांगते, कारण खरं भांडण तिथं आहे.

घरोघरी कुरकुर सुरू झाली तेव्हा एकीनं तोडगा काढला. रत्नागिरीजवळ गणपतीपुळे आहे, देऊळ अगदी समुद्रालाच लागून. "घरी सांगू, गणपतीच्या दर्शनाला चाललो. देवाला कोण नको म्हणतंय?" सगळ्यांचे चेहरे उजळले. खरं सांगते, माझाही. किती सोपं! तेवढ्यात आमच्यातली शिलाई मशीन चालवणारी मैत्रीण हसून म्हणाली, "आणि मी घरी काय सांगू? गणपतीच्या दर्शनाला चालले?" ती मुसलमान आहे. दहा वर्षं आमच्यात बसते आहे. आम्हाला एक क्षण तिचा विसर पडला होता.

मग एकेक उलगडायला लागलं. देवदर्शन म्हटलं की पाळीची तारीख आली. दोघींच्या तारखा नेमक्या त्याच दिवसांत. "मग आम्ही लॉजवरच बसायचं का?" देवदर्शन म्हटलं की एकीचा दीर म्हणाला, मग जोडीनं जा, दादालाही घेऊन जा. दुसरीच्या सासूनं सांगितलं, आधी कुलदैवत, तुळजापूर झाल्याशिवाय दुसरा देव नाही. आपण देवाचं निमित्त पुढं केलं की देवाचे सगळे नियम आपल्या गळ्यात येतात, आणि प्रत्येक नियम एकीला तरी गाडीतून खाली उतरवतो. अभ्यासदौऱ्याचंही तेच. एका हितचिंतकांनी सुचवलं, "मासेमारीतल्या महिला गटांचा अभ्यास असं दाखवा, पैसेही मिळतील." मिळतील हो. मग अहवाल लिहू शकणाऱ्या पाच जणी निवडल्या जातील, आणि अंगठा लावणारी ऊसतोडीवाली मागं राहील. जिनं प्रश्न विचारला तीच.

म्हणून आम्ही ठरवलं, की निमित्त सांगायचं नाही. समुद्र बघायला चाललो, एवढंच सांगायचं. हे लिहिताना शूरपणाचं वाटतं, पण त्याची किंमत पडली. चौदांच्या नऊ झालो. एकीला नवऱ्यानं तोंडावर नाही सांगितलं. एक म्हणाली, "अक्का, तुमचं खरं बोलणं तुम्हाला परवडतंय. मला गणपतीचं नाव घेतलं असतं तर जाता आलं असतं." याला माझ्याजवळ उत्तर नाही. ती माझ्याशी अजून बोलते, पण पूर्वीसारखं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

राहिलेल्या नऊ जणींसाठी महिना शोधायला बसलो. हा तर एक स्वतंत्र लेखच होईल. जून ते सप्टेंबर कोकणात तुफान पाऊस, समुद्र खवळलेला. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. नोव्हेंबरपासून पुढं ऊस. एप्रिल-मे लग्नसराई आणि पाण्याचे हंडे. बारा महिने बोटांवर मोजले तरी बाईचा म्हणून एकही मोकळा महिना निघेना. शेवटी कोजागरीनंतरचे चार दिवस धरले. सोयाबीनची रास झालेली असेल आणि कोयते अजून निघालेले नसतील. एका पिकाच्या आणि दुसऱ्या पिकाच्या फटीतून जायचं.

चार दिवस स्वयंपाक कोण करणार, हा पुढचा प्रश्न. केंद्र सरकारनं २०२४ साली लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांत बाईची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ८८. आमच्या गल्लीत ती अठ्ठ्याऐंशी मिनिटं मला कुठं दिसली नाहीत, पण असतील. चार दिवसांची बाईची मिनिटं होतात ११५६. कुणीतरी ती करावी लागणार म्हणून एवढा आकांत चाललाय, बाकी आमच्या अब्रूची, सुरक्षिततेची काळजी वगैरे नंतरची.

तिकिटाचं मात्र सोपं झालं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढं फुकट प्रवास त्याच्या आदल्या वर्षापासून. उमरग्याहून सोलापूर, तिथून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूरच्या पुढचा हा रस्ता म्हणजे आपल्या तुळजापुरावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्गच. आजवर आम्ही देवीपाशी उतरत होतो. रस्ता पुढं समुद्रापर्यंत जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तिकिटावरही पुरुषांची कुरबुर आहेच, "बायकांनी एसटी भरली." २०२५ साली तर परिवहनमंत्रीच म्हणाले, की सवलतींमुळे एसटीला रोज तीन कोटींचा तोटा होतो. सवलतीची रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर पोचत नसेल तर तो हिशोब सरकारनं मंत्रालयात करावा, माझ्या सीटवर बोट दाखवून करू नये.

तिकिटाच्या पुढं खोलीचं घोडं अडलं. किनाऱ्यावरच्या एका लॉजला फोन केला. "सोबत जेंट्स कोण?" कुणी नाही. "मग संस्थेचं पत्र आणा." नऊ प्रौढ बाया, त्यांतल्या तिघी आज्या, आणि यांना पत्र हवं! मी विचारलं, नऊ पुरुष आले तर कुणाचं पत्र मागता? फोन ठेवला गेला.

समुद्रात बुडाल, अशी भीतीही पुष्कळांनी घातली. त्यात मात्र तथ्य आहे. गणपतीपुळ्याच्या पाण्यात दरवर्षासारखी माणसं जातात, पायाखालची वाळू एकदम सरकते. आम्ही घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहू. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यापाशीही आम्ही कठड्याअलीकडेच असतो, आम्हाला जिवाची किंमत शिकवायची गरज नाही.

भाचीच्या इटलीबद्दल आणखी एक सांगते. त्या अमाल्फीच्या फोटोतल्या लिंबाच्या शेतांवरून खाली बंदरापर्यंत लिंबं कोण आणत होतं? बायका. अर्ध्या क्विंटलहून जड टोपली खांद्यावर घेऊन शेकडो पायऱ्या उतरायच्या, दिवसातून कितीतरी खेपा. तिथल्या बोलीत त्यांना चक्क 'मुंग्या' म्हणत. आणि आपलं कोकण? बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत चाकरमानी, मनीऑर्डरीची वाट बघत मागं भात लावलं, वाडी शिंपली, मासळीच्या पाट्या डोक्यावरून बाजारात नेल्या त्या बायांनी. देखणा किनारा म्हणून ज्याचा फोटो काढतात तो असा बायांच्या मानेवर उभा आहे. त्या किनाऱ्यावर दोन घटका रिकामं बसायला बाईनं परवानगी मागायची, ही कुठली रीत!

ऊसतोडीवालीनं तयारी सुरू केली आहे. तिनं मुकादमाला सांगून टाकलंय, कोजागरीनंतर चार दिवस उशिरा येईन, उचल त्यातून कापा. दुसऱ्या एकीच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरात, परवा मला हळूच म्हणाल्या, "माजं तिकीट फुकट हाय म्हनं. सुनंसंगं मीबी येऊ का?" आधारकार्डावर त्यांचं वय एकाहत्तर लागलंय, त्यामुळं फुकट नाही, अर्धं पडेल. पण नाव लिहून घेतलं. आता दहा झालो.

रत्नागिरीच्या वाचक मैत्रिणींना एक विनंती. दहा जणींना तीन रात्री टेकायला जागा हवी आहे. साधी चालेल, पडवी चालेल, संडास मात्र आत असावा, म्हातारी बाई आहे. भाडं आम्ही देऊ. नवऱ्यांची नावं विचारू नका. संपादकांच्या पत्त्यावर दसऱ्याच्या आत कळवा.