झिजलेलीच लाडकी

घरात एकाहून जास्त गिटारी असल्या की पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. "एवढ्या कशाला?" हा पहिला आणि "यातली सगळ्यात चांगली कुठली?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला घरच्यांचं समाधान होईल असं उत्तर आजवर कुठल्याच गिटारवाल्याला सापडलेलं नाही, तेव्हा तो सोडून देऊ. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चांगली कुठली हे लाकडावरून, कारागिरीवरून आणि बिलावरून सांगता येतं. खरा प्रश्न तिसराच असतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही: रोज हातात कुठली असते?

माझ्याकडे चार आहेत. एक नायलॉनच्या तारांची क्लासिकल. एक इलेक्ट्रिक, जिच्यामुळे शेजाऱ्यांशी संबंध जरा जपून ठेवावे लागतात. एक मेव्हण्याने अमेरिकेहून आणलेली भारी अकूस्टिक, जिची नुसती केस माझ्या पहिल्या गिटारीपेक्षा महाग आहे. आणि चौथी, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका गृहस्थांकडून सेकंड हँड घेतलेली यामाहा. तिच्या अंगावर जागोजागी टवके उडालेत, नेकच्या मागचं पॉलिश अंगठ्याच्या जागी गेलंय आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्यात. रोज हातात असते ती हीच. बाकीच्या तिघींनाही हे ठाऊक असावं, अशा बेताने त्या कपाटात गप्प असतात.

याचं कारण शोधायला भावनांपर्यंत जावं लागत नाही. ठाण्याची हवा पुरते. भारी गिटारीची पुढची फळी सॉलिड, म्हणजे प्लायची नव्हे, खऱ्या स्प्रूसची असते. गिटारीचा आवाज मुख्यतः ही फळी देते आणि तिची जाडी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. तिच्यावर सहा तारांचा मिळून 70 ते 75 किलोंचा ताण असतो. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. गिटारी बनवणारे सांगतात, 45 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवा. आमच्याकडे जुलैत ती 80 टक्क्यांच्या वर असते. मग फळीला पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून लांब जातात आणि एफची बॅरे कॉर्ड धरताना मनगट रडकुंडीला येतं. म्हणून ही गिटार पावसाळाभर केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या उशाशी घेऊन पडून असते. गणपती गेले की तिला बाहेर काढायचं, तारा बदलायच्या, चार दिवस कौतुकाने वाजवायची आणि पुन्हा जपून ठेवायची.

यामाहाची फळी लॅमिनेटची, थरावर थर चिकटवलेली. जाणकार तिला नाकं मुरडतात, कारण तिचा आवाज तितका खुलत नाही. पण थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्यामुळे ती फारशी फुगत नाही. ती बारा महिने हॉलमध्ये स्टँडवर उभी. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, कस्टमर केअरने फोन होल्डवर टाकला असताना, टीव्हीवरच्या चर्चेचा आवाज बंद करून, हात जातो तो तिच्याकडे.

त्या भारी गिटारीची एक गंमत सांगायलाच हवी. तिची पाठ आणि कडा शिसवीच्या आहेत. अमेरिकेतली मार्टिन ही कंपनी 1833 पासून गिटारी बनवते. तिच्या उंची गिटारींना ब्राझीलचं रोझवूड लागायचं. ते मिळणं अवघड होत गेलं तशी 1969 पासून कंपनी भारतीय रोझवूडकडे, म्हणजे आपल्या शिसवीकडे वळली आणि आजही जगभरातल्या बऱ्याच चांगल्या गिटारींच्या पाठी याच लाकडाच्या असतात. सह्याद्रीत वाढणारी ही जात. आपल्या जुन्या वाड्यांतले पलंग आणि झोपाळे हिचेच. तेच लाकूड सातासमुद्रापलीकडे वाळवून, तासून, गिटार होऊन माझ्या घरी आलं आणि आता त्या गिटारीला इथला पाऊस सोसत नाही!

तेव्हा आवड ठरवायला कानापेक्षा जागा जास्त उपयोगी पडते. जी हाताशी असते ती वाजते, जी वाजते ती झिजते आणि जी झिजते ती लाडकी होते. हा क्रम मी माझ्या सोयीसाठी लावलेला नाही. ज्यांना हव्या तेवढ्या, हव्या त्या गिटारी मिळू शकत होत्या, अशा मोठमोठ्या वादकांच्या लाडक्या गिटारी बघितल्या तरी तोच दिसतो.

विली नेल्सन या अमेरिकन कंट्री गायकाची 'ट्रिगर' घ्या. 1969 मध्ये त्याच्या आधीच्या गिटारीवर एका प्यायलेल्या माणसाचा पाय पडला. ती नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सनच्या दुकानात दुरुस्तीला गेली, पण दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेलेली होती. दुकानात मार्टिनची एन-20 ही क्लासिकल गिटार होती, 750 डॉलरची. नेल्सनने ती न बघताच घेतली. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची, त्यामुळे पिकचे ओरखडे झेलणारी पट्टी तिला लावलेली नसते. नेल्सन वाजवतो पिकने. व्हायचं तेच झालं. फळी घासून घासून मूळ भोकाशेजारी आणखी एक भोक पडलं. 1990 मध्ये करखात्याने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा ट्रिगर तेवढी त्याने मुलीकरवी आधीच सुरक्षित जागी हलवली होती. भोक पडलेल्या गिटारीचा लिलावात कितीसा भाव आला असता, हा हिशेब त्याने केला नसणार.

त्याच जॅक्सनच्या दुकानातून 1970 मध्ये एरिक क्लॅप्टनने जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारी एकदमच घेतल्या. जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड या मित्रांना एकेक देऊन टाकली आणि उरलेल्यांपैकी तीन गिटारींचे चांगले चांगले भाग काढून एक जोडली. ती 'ब्लॅकी'. संग्राहकाच्या दृष्टीने हा गुन्हाच, कारण भाग बदलले की जुन्या गिटारीची किंमत उतरते. क्लॅप्टनला वाजवायला हवी होती.

आयर्लंडच्या रोरी गॅलाघरने 1963 मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून 1961 सालची स्ट्रॅटोकास्टर शंभर पौंडांना घेतली, तीही सेकंड हँड. त्या वयाच्या मुलाला ही रक्कम डोंगराएवढी. पुढे ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात पडलेली सापडली. गॅलाघर स्टेजवर घामाने निथळत वाजवायचा. त्या घामाने आणि रोजच्या घासण्याने तिचा रंग इतका गेला की खालचं उघडं लाकूडच जास्त दिसू लागलं. नाव झालं, पैसा आला, तरी त्याने ती बदलली नाही.

क्वीन या बँडच्या ब्रायन मेकडे तर गिटार घ्यायला पैसेच नव्हते. सोळा वर्षांच्या या मुलाने 1963 मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड नेकला, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ट्रेमोलोला आणि फ्रेटबोर्डवरच्या खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ही 'रेड स्पेशल' तो अजून वाजवतो, आणि प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिला बँड काढणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या आवाजामागे क्वीनच्या रेकॉर्डवर जी गिटार ऐकू येते, ती ही घरगुती बनावटीची.

या चौघांच्या गिटारींत एक साम्य आहे. हातात आली त्या दिवशी यांतली एकही जगातली सर्वोत्तम गिटार नव्हती. कुणी घाईत घेतलेली, कुणी जोडलेली, कुणी वापरलेली, कुणी परिस्थितीने बनवलेली. मोठेपण नंतर आलं, हजारो तास वाजल्यावर.

हे तास गिटारीत नेमकं काय करतात? फ्रेटच्या तारेला बोटांच्या सवयीप्रमाणे खाचा पडतात. नेकचं पॉलिश जाऊन लाकूड गुळगुळीत होतं आणि हात विनासायास सरकतो. लाकूड वर्षानुवर्षं वाळत जातं तसा आवाज मोकळा होतो, असं जुने वादक सांगतात. पण याहून मोठा बदल वाजवणाऱ्यात होतो. माझ्या यामाहाची तिसरी तार सातव्या फ्रेटवर किंचित बझ करते. तिथे बोट नेहमीपेक्षा जरा पुढे आणि जरा दाबून ठेवायचं, हे मला आठवावं लागत नाही. बोटालाच माहीत आहे. दुसरी निर्दोष गिटार हातात घेतली की बोट सवयीने तसंच दाबतं आणि स्वर थोडा चढा लागतो. गिटार आपल्या हाताप्रमाणे झिजते आणि आपला हात तिच्या दोषांप्रमाणे वळतो. मग उत्तम गिटारही परकी वाटते आणि आपण म्हणतो, "आवाज छान आहे, पण मजा नाही."

याच्या विरुद्ध टोकाला ब्लूज वादक बी. बी. किंग. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट या गावी तो वाजवत असताना हॉलमध्ये दोन पुरुषांची मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप लवंडलं आणि आग लागली. बाहेर पडलेला किंग गिटार राहिली म्हणून पुन्हा आत धावला. भांडण लुसिल नावाच्या बाईवरून होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने गिटारीला तेच नाव दिलं. पण पुढे त्याने किती तरी गिटारी बदलल्या आणि प्रत्येकीचं नाव लुसिलच ठेवलं. त्याच्याकडे लुसिल हे पद होतं. जी हातात असेल ती त्या पदावर. मला हा माणूस फार व्यवहारी वाटतो: एकीवरच जीव लावायचा, पण लाकडात अडकून पडायचं नाही.

कारण झिजण्याला शेवट असतो. ब्लॅकीची नेक इतकी झिजली की 1985 च्या सुमारास क्लॅप्टनला तिला निवृत्त करावं लागलं. 2004 मध्ये त्याने अँटिग्वातल्या आपल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी तिचा लिलाव केला. 9,59,500 डॉलर आले. पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमोरने 2019 मध्ये आपल्या संग्रहातल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या, त्यात त्याची लाडकी काळी स्ट्रॅटही होती. ती एकटी 39 लाख 75 हजार डॉलरना गेली आणि लिलावातले पैसे त्याने पर्यावरणासाठी कायदेशीर लढाया लढणाऱ्या संस्थेला दिले. गॅलाघरची स्ट्रॅट त्याच्या मृत्यूनंतर, 2024 मध्ये लिलावात विकली गेली आणि आता ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे.

आणि बाजार काय करतो पाहा. ज्या झिजण्याने गिटारीची किंमत उतरायची, तेच झिजणं आता कारखान्यात तयार होतं. फेंडरची कस्टम शॉप 1995 पासून 'रेलिक' गिटारी विकते. नवी गिटार घ्यायची, ठरवून तिचा रंग खरवडायचा, धातूला गंज चढवायचा आणि कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त दाम लावायचं. 2006 मध्ये ब्लॅकीच्या 275 प्रतिकृती काढल्या, ओरखड्यांसकट. गॅलाघरच्या गिटारीचीही रंग उडालेली आवृत्ती मिळते. घाम त्याचा, पैसे आपले. या गिटारी वाईट नसतात. कारागिरी उत्तम असते. पण त्यांच्या खुणा दुसऱ्याच्या हाताच्या असतात, आणि त्या जपण्याच्या नादात घेणारा आपल्या खुणा उमटू देत नाही.

माझा निष्कर्ष साधा आहे. संग्रहातली लाडकी गिटार म्हणजे जिला झिजवायला आपण मनापासून तयार आहोत ती. बाकीच्या आपण जपतो, आणि जपलेली गिटार दिसते चांगली, वाजत नाही. हे मान्य केलं की पुढचं ठरवणं सोपं जातं. क्लासिकल मी पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या आठवीतल्या मुलीला देणार आहे. ती सध्या काकांची गिटार शनिवार-रविवारपुरती मागून आणते. इलेक्ट्रिकचा निर्णय शेजाऱ्यांना विचारून घेईन. अमेरिकन गिटार मात्र या पावसाळ्यात केसबाहेर राहील. फुगली तर फुगली, ट्रस रॉड फिरवून आणि सॅडल घासून सेटअप करून घेता येतो.

तुमच्याही कपाटावर, पलंगाखाली, गावच्या माडीवर एखादी गिटार पडून असेल. काढा आणि स्टँडवर ठेवा. महिनाभर हात लागला नाही, तर वाजवणाऱ्याला देऊन टाका. देताना तारा नव्या घालून द्या. सेट काही शे रुपयांत येतो आणि शिकणाऱ्याची बोटं गंजक्या तारांनी कापत नाहीत.