विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग जुना पीसी एका फाइलमधून उभा करायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच आठवड्यात मी दिवाळीला उत्रोलीला गेलो. भोरजवळचं आमचं गाव. घरी दोन जुने पीसी आहेत. चुलत भाऊ आणि त्याचे मित्र त्यावर पोलीस भरतीचे, एमपीएससीचे फॉर्म भरतात. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो हो, पण फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवायची वेळ आली की सगळे पीसीकडेच येतात.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमचे दोन्ही पीसी इथेच नापास. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणून मी लिनक्स टाकायचं ठरवलं.

पहिल्या पीसीवर सगळं जमलं. मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर. दीड दिवस गेला, इकडून तिकडून कमांड उचलून टर्मिनलमध्ये टाकल्या. दुसऱ्या पीसीला हात घातला आणि लक्षात आलं, आपण नेमकं काय केलं तेच आठवत नाही! प्रिंटर कोणत्या कमांडनंतर चालला, तिसऱ्या की सातव्या? भाऊबीज करून पुण्याला परतलो तेव्हा दुसरा पीसी अर्धाच होता. आठवड्याभराने भावाचा फोन, "दादा, काहीतरी अपडेट केलं, आता मराठी टाइपच होत नाही. तू काय टाकलं होतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावागावात हेच होतं. ज्याला कळतं तो पोरगा पीसी सेट करून देतो, मग त्याला पुण्यात नोकरी लागते आणि पीसीची माहिती त्याच्याबरोबर एसटीत बसून निघून जाते.

यावर एक वेगळी पद्धत आहे, तिला डिक्लेरेटिव्ह म्हणतात. समजा तुम्हाला आमच्या घरी यायचंय. मी सांगितलं, "स्वारगेटहून एसटी पकडा, कापूरहोळला उजवीकडे वळा, पुढे भोर," तर ही झाली एकेक पायरी. मधे रस्ता बंद असला की तुम्ही अडकलात. पण मी नुसता पत्ता दिला आणि रस्ता मॅपने शोधला, तर तुम्ही कुठूनही निघा, पोचाल. डिक्लेरेटिव्ह पद्धतीत तुम्ही कॉम्प्युटरला पत्ता देता. तिथे कसं जायचं ते तो बघतो.

या पद्धतीवर संपूर्ण उभी असलेली सगळ्यात माहितीची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे निक्सओएस. तिचं मूळ नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये निक्सवर काम सुरू केलं आणि २००६ च्या पीएचडी प्रबंधात त्याची मांडणी केली. निक्सओएसमध्ये एक मुख्य टेक्स्ट फाइल असते. टाइमझोन कोलकाता, भाषा मराठी, प्रिंटिंग चालू, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस हवं, असं त्यात तिच्या भाषेत लिहायचं. मग एक रीबिल्डची कमांड. पीसी त्या वर्णनासारखा होतो. डिस्क आणि हार्डवेअरची माहिती मात्र वेगळ्या फाइलमध्ये असते, ती प्रत्येक मशीनवर आपोआप तयार होते. त्यामुळे मुख्य फाइल दुसऱ्या पीसीवर जशीच्या तशी नेता येते. दुसरा पीसी मी यावरच केला. नंतर पहिलाही पुसला आणि तीच फाइल दिली.

मला खरी किंमत कळली ती मागे जाण्याच्या सोयीची. प्रत्येक रीबिल्डनंतर आधीची अवस्था तशीच जपलेली असते. नवीन बिघडली तर पीसी चालू होताना मेनूतून कालची निवडायची. १९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. कितीतरी मशीन दुरुस्त करायला माणसाला प्रत्यक्ष समोर बसावं लागलं. तुमच्या अँड्रॉइडमध्ये याच विचाराचा छोटा अवतार असू शकतो. अँड्रॉइड ७ पासून सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली, म्हणजे नवीन अपडेटवर फोन सुरू झाला नाही तर तो जुन्या प्रतीवर परत येतो. निक्सओएसमध्ये अशा दोनच नाही, डिस्कमध्ये मावतील तितक्या.

आणि डिस्क भरते, हे आधीच सांगतो. जुन्या अवस्था अधूनमधून साफ कराव्या लागतात. नेटवरून उतरवलेला कोणताही लिनक्स प्रोग्राम इथे सरळ चालेल असंही नाही, कारण फाइल ठेवायची रचनाच वेगळी आहे. नवीन आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि जुनीचा सपोर्ट लवकर संपतो, म्हणजे 'एकदा टाकलं की झालं' हा प्रकार नाही. मागे गेल्यावर सिस्टीम मागे जाते, तुमचे फोटो आणि मार्कशीट नाही. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. पासवर्ड तर त्या फाइलमध्ये उघडा लिहूच नका. तो जिथे साठतो ती जागा त्या पीसीवरचा कोणीही वाचू शकतो.

मग सगळ्यांनी हे करावं का? माझं मत, नाही. एकच लॅपटॉप आणि त्यावर फक्त ब्राउझर एवढंच असेल तर साधं उबुंटू किंवा मिंट पुरे. निक्सची भाषा शिकायला माझे दोन रविवार गेले, चिडचिड वेगळी. पण शाळेची लॅब, अभ्यासिका, सायबर कॅफे, जिथे एकसारखे चार-सहा पीसी आहेत, तिथे ही मेहनत वसूल होते. आधी चव बघायची असेल तर एफ-ड्रॉइडवर निक्स-ऑन-ड्रॉइड नावाचं अ‍ॅप आहे. फोनची सिस्टीम ते बदलत नाही, अ‍ॅपच्या आत एक वेगळं टर्मिनल मिळतं.

एक अडचण मात्र फाइलनेही सुटत नव्हती. ती वाचता येणारा घरात मी एकटाच. म्हणजे माहिती डोक्यातून फाइलमध्ये आली, पण किल्ली माझ्याच खिशात. म्हणून प्रत्येक ओळीवर मी मराठीत टीप लिहिली: 'हे प्रिंटरसाठी', 'हे काढलं तर मराठी जाईल'. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, एक प्रिंट काढून टेबलाच्या खणात.

परवा भावाने स्वतःच फोटो लहान करायचा एक प्रोग्राम त्या यादीत टाकला. रीबिल्ड अडलं, त्याने स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. अर्ध्या तासाने बघितलं तर खाली त्याचाच दुसरा मेसेज होता, "राहू दे दादा, अर्धविराम राहिला होता."