तंबोऱ्याची अफरातफर

माणसाने पैशाची अफरातफर केली तर त्याला सस्पेंड करतात. गाण्याची केली तर ‘त्याला कॉम्प्युटरमधलं फार कळतं हो’ म्हणतात! वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस म्हणून मी हे बोलतो आहे.

आमचा भाचा या दुसऱ्या जातीचा. ‘उगाच जागा अडवतात’ म्हणून एका रविवारी त्याने घरातल्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि सीडी रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. त्यात आईचीही एक होती. महिला मंडळाच्या २००५ च्या कार्यक्रमात ती तंबोरा घेऊन गायली होती, त्याची. आई आता नाही.

मी फाईल लावली. आवाज आईचाच होता, पण बादलीत तोंड घालून गायल्यासारखा. आणि तंबोरा? नळाला पाणी यायच्या आधी पाइप बोलतो ना, तसा बोलत होता.

“मामा, चौसष्टची एमपी-थ्री केलीय. जागा किती वाचली बघा!”

आता कॉमर्सवाल्यापुढे आकडा टाकला की तो हिशेब करणारच. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, तेही डावं-उजवं वेगळं. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. भाच्याने ठेवले ६४. बावीस रुपयांतला एक रुपया खात्यात. बाकीचे एकवीस कुठे गेले, चिरंजीव?

एमपी-थ्री ही काही लबाडी नव्हे, हे कबूल. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, तो गाळायचा, एवढीच युक्ती. वरातीच्या बँडपुढे आत्याबाई काय म्हणताहेत, कोणाला ऐकू येतं? ६४ ऐवजी २५६ किंवा ३२० ठेवले, तर माझ्या कानाला फरक कळायचा नाही. फिरायला जाताना खुशाल ऐका. पण ती झेरॉक्स आहे. झेरॉक्स काढली म्हणून घराचं खरेदीखत कोणी रद्दीत घालतं का?

माझा चेहरा बघून भाचा रात्रभर खपला. सकाळी म्हणाला, “मामा, सगळं फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केलं. फाईल बघा केवढी झाली! क्वालिटी वाढली.”

फ्लॅक हा प्रकार अगदी सज्जन. सीडीतलं काहीही न टाकता तो सुमारे निम्म्या जागेत घडी घालून ठेवतो. घडी उलगडली की बिट न् बिट जागेवर. पण घडी साडीची घालायची असते, चिंधीची नव्हे. व्याजाचे ३४७ रुपये ६८ पैसे आम्ही ३४८ करतो. नंतर कोणी ठसठशीत अक्षरात ३४८.०० लिहिलं, तर मूळचे अडुसष्ट पैसे कळतात का? तशीच ही फाईल. फुगली, पण गेलेला तंबोरा परत आला नाही. आणि एका गाळीव फॉरमॅटातून दुसऱ्या गाळीव फॉरमॅटात नेलं, तर उरलेलंही आणखी गळतं.

म्हणून माझा हट्ट आहे : आधी फ्लॅक करा, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, मग त्यातून हव्या तेवढ्या एमपी-थ्री काढा. आणि सीडी टाकू नका! चौसष्ट जीबीच्या पेन ड्राइव्हवर दीडशे सीडी सहज मावतात. जागेची सबब आता चालायची नाही.

नशीब, त्या सीडीची एक प्रत मावशीकडे निघाली. चरे पडलेली. या वेळी मी घाईचा सॉफ्टवेअर घेतला नाही. चुकलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून, ताळा जुळेपर्यंत पुढे न सरकणारा घेतला. अगदी आमच्या जुन्या हेड कॅशियरसारखा. एका सीडीला दोन तास लागले.

गाणं सुरू होण्याआधी तंबोरा वाजतो, आणि आई एक श्वास घेते. चौसष्टमध्ये तो श्वास नव्हता.

भाच्याने तो तीनदा लावला. नंतर काही न बोलता उठला आणि रद्दीवाल्याचा पत्ता विचारायला खाली गेला.