रिव्हॉल्वरचा अर्ज आणि जुनी चॅप्टर केस

रात्री दुकान बंद करून गल्ल्याची रोकड पिशवीत घालून घराकडे निघालेल्या व्यापाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतेच, की कमरेला एखादे रिव्हॉल्वर असते तर बरे झाले असते. असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि आपले व्यापारी बांधव नेमके तिथेच एजंटाच्या हवाली होतात.

गेल्या महिन्यात भंगाराचा धंदा करणारे एक जुने स्नेही असाच भरून घेतलेला अर्ज दाखवायला आले. गरजेच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘जीवितास धोका’. शांतता राखण्याचे बंधपत्र कधी लिहून द्यावे लागले काय, या प्रश्नापुढे ‘नाही’ असे ठोकून दिलेले.

मी म्हटले, “भाई, त्या वर्षी सणाच्या तोंडावर तुमच्यावर चॅप्टर केस झाली होती ना?”

“अहो, ती तर निम्म्या मोहल्ल्यावर झाली होती. सहा महिन्यांत संपलीसुद्धा. एजंट म्हणतो, लिहिले तर अर्ज जागच्या जागी बाद.”

एजंटाचे हे म्हणणे चूक आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे असे बंधपत्र आड येते ते त्याची मुदत चालू असेपर्यंत. मुदत संपली की तेवढ्यावरून माणूस अपात्र ठरत नाही. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून अधिकारी नकार देऊ शकतात, हे खरे. पण माहिती दडवून परवाना मिळवला, तर कलम 17 खाली तो केव्हाही रद्द होऊ शकतो. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातोच आणि ठाण्याच्या दप्तरात ती केस असतेच. म्हणजे जी गोष्ट लिहिल्याने कदाचित अडचण झाली असती, ती न लिहिल्याने नक्की होणार.

गरजेच्या रकान्याचेही तसेच. 2016 च्या शस्त्र नियमांत धंद्याच्या स्वरूपामुळे जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेल्यांचा विचार केला आहे. ती गरज अर्जात दिसली पाहिजे. दुकान ते बँक किती अंतर, आठवड्यातून किती दिवस रोकड न्यावी लागते, किती वाजता, पूर्वी चोरी झाली असल्यास तक्रारीची तारीख, हे साध्या भाषेत लिहावे. फुगवून लिहू नये. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, त्यामुळे लहान कारागिरानेही संकोच करू नये. नकार मिळाला तर कारणे लेखी मागावीत. अपिलाची वाट असते.

अर्जासोबत वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. घरात हत्यार कुलपात कुठे ठेवणार, हेही सांगावे लागते. एकत्र कुटुंबात दोन खोल्यांत दहा माणसे राहतात, त्यांत पोरेही आली. तिथे या एका प्रश्नावर रात्रभर विचार करावा, असे माझे मत आहे.

रुबाबासाठी हत्यार हवे असणाऱ्यांची तर निराशाच व्हायची. सार्वजनिक ठिकाणी ते पूर्ण झाकलेलेच न्यावे लागते. वरातीत हवेत बार काढण्याची हौस असेल, तर 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहे.

स्नेह्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला आणि स्वतः भरायला घेतला. रोकड किती दिवस नेतो ते मोजताना लक्षात आले, की निम्म्याहून जास्त पैसे आता फोनवरूनच येतात. तरी अर्ज करायचाच, असे ते म्हणतात. सध्या जुन्या आदेशाची नक्कल मिळवण्याच्या खटपटीत आहेत. एजंटाला दिलेली रक्कम मात्र अजून परत आलेली नाही.